कुरडया पांढऱ्या निघाल्या

आई, कुरडया पांढऱ्या निघाल्या. एकही लाल नाही, एकही आंबूस नाही. हे वाक्य आधी लिहून टाकते, कारण मागचं-पुढचं सांगत बसले तर नेहमीसारखी मी त्यातच अडकेन आणि मुख्य गोष्ट राहून जाईल. आत्ता शनिवारची दुपार आहे. तुमचा मुलगा पलंगावर घोरतोय. नात तिच्या खोलीत दार लावून अभ्यास करतेय की फोनवर बोलतेय, देव जाणे. मी स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी आल्याचा चहा घेऊन, डायरी उघडून बसले आहे. माझ्या आईला मी अगंतुगं करते. तुम्हाला, सासू म्हणून, अहोच म्हणत आले आणि तुम्ही जाऊन सात वर्षं झाली तरी जीभ बदलायला तयार नाही.

तुम्ही बहारीनला एकदाच आलात, अकरा वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्ये. नात पाच वर्षांची होती, तिला शाळेची सुट्टी होती, आणि संगमनेरजवळच्या गावातून कधी पुण्यापलीकडे न गेलेल्या तुम्ही एकट्या विमानात बसून आलात. विमानतळावर तुमच्या पिशवीतून पितळी सोऱ्या निघाला. नातीला चकल्या करून घालायच्या म्हणून तुम्ही तो साडीत गुंडाळून आणला होता. तिथल्या अधिकाऱ्याने तो उचलला, डोळ्याला लावून आरपार पाहिला, वरचा दांडा फिरवला, पुन्हा पाहिला. तुम्ही जराही घाबरला नाहीत म्हणे. हवेत हाताने गोल गोल काढून दाखवलंत आणि मग पाची बोटं तोंडाशी नेऊन म्हणालात, "खायाचं, खायाचं, बाबा." तो हसला आणि 'यल्ला, यल्ला' म्हणत त्याने तुम्हाला पुढे जायची खूण केली. घरी आल्यावर तुम्ही मला विचारलंत, "यल्ला म्हंजे काय गं? मला वाटलं, त्याला बी पायजेल."

दुसऱ्याच दिवशी तुम्ही गुदैबियातल्या ह्याच इमारतीच्या गच्चीवर गेलात. दार उघडल्याबरोबर तुमच्या चष्म्यावर वाफ धरली. तो पदराने पुसून तुम्ही चारी बाजूंना बघितलंत. सगळीकडे ऊन, आणि त्या उन्हात काहीच पसरलेलं नाही. तुम्हाला ते अक्षरशः बघवेना. "गावाकडं श्रावणाची झड लागलीय, आन् हितं बघ, वैशाख! एवढं ऊन फुकट चाललंय गं!" जिने उतरता उतरताच गहू किती आणायचे ते तुम्ही ठरवलंत.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर, इथल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करणारी. ऑगस्टमध्ये ह्या बेटावरची हवा कशी असते ते मला चांगलं माहीत होतं. दाराची मूठ ओली, खिडकीच्या काचा बाहेरून ओल्या, दोरीवरचे कपडे संध्याकाळी सकाळपेक्षा जड. ऊन असतं, पण वाळणं नसतं. मी एकदाच म्हणाले, "आई, हवा फार दमट आहे हो." तुम्ही म्हणालात, "उन्हाला काय कळतंय दमट न् कोरडं? ऊन म्हंजे ऊन." त्यावर मी गप्प बसले. का गप्प बसले, ह्याचं कारण डायरीत मी 'आदर' असं लिहून ठेवलंय. ते खरं नाही. तुम्ही इतक्या खुशीत होतात की तुमच्यापुढे बरोबर ठरायचा मला कंटाळा आला.

तीन दिवस गहू भिजले. रोज पाणी बदललं. मग मिक्सरवर वाटून, पिळून, गाळून चीक काढला, रात्रभर निवू दिला. माझा मिक्सर दोनदा तापून बंद पडला तेव्हा तुम्ही त्याला मुलासारखं समजावलंत. आणि चौथ्या दिवशी पहाटे, वरचं लाल पाणी ओतून तुम्ही मोठं पातेलं गॅसवर चढवत होतात तेव्हाच मला पाळी आली.

आमच्या ठाण्याच्या घरात कुणी काही पाळत नसे. तुमच्याकडे गावी आले की मात्र त्या दिवसांत मी चटईवर बाजूला बसायची, माझं ताट वेगळं, आणि मनात म्हणायची, चार दिवसांचा प्रश्न आहे. वाळवणाच्या वेळी तर तुमच्या गल्लीत बाजूला बसलेल्या बाईची सावलीसुद्धा चालत नाही. कुरडया लाल होतात म्हणतात. पण इथल्या दोन खोल्यांत बाजूला बसायचं कुठे? तुमचा मुलगा पाचच्या बसने सित्राला शिफ्टला गेलेला. चीक घोटायला एक माणूस लागतं आणि सोऱ्या दाबायला दुसरं. सांगितलं असतं तर तीन दिवसांची मेहनत वाया गेली असती. मी काही बोलले नाही. सोऱ्या हातात घेतला.

ती सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. पाण्याला आधण आलंय, तुम्ही चीक बारीक धारेने सोडताय, दुसऱ्या हातातलं लाटणं एक क्षण थांबत नाही. "बघत काय ऱ्हायलीस, गाठ झाली तर तुला खावी लागंल." दुधासारखा पांढरा चीक हळूहळू काचेसारखा होतो, त्याला चमक येते, बोट ओलं करून तुम्ही टेकवता आणि ते कोरडं वर येतं. नात डोळे चोळत येते. तिच्या वाटीत गरम चीक, वर तूप, वर गुळाचा खडा. ती पहिला घास घेते, जीभ भाजते, तरी वाटी सोडत नाही. नंतर गच्चीवर आपण दोघींनी कुरडया पाडल्या. खाली आल्यावर कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, मी कागदी कपातला कडक चहा आणला. तुम्ही तो बशीत ओतून प्यायलात आणि म्हणालात, "दुकानदाराला सांग, चांगला झालाय म्हणावं." आपण दोघी तशा कधी जवळच्या नव्हतो, पण त्या सकाळी होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला गच्चीवरून हाक मारलीत. तुम्ही उकिडव्या बसला होतात आणि एकेक कुरडई उलटी करून बघत होतात. खालून सगळ्या ओल्या, आंबूस वासाच्या, आणि त्यांच्यावर लालसर ठिपके. काही तर पूर्ण गुलाबी.

"पोरी, खरं सांग. बाजूला व्हतीस का?"

"नाही हो, आई."

एवढंच बोलणं झालं. ओलसर पिठावर जंतू वाढतात आणि त्यांतल्या काहींचा रंगच लाल असतो, हे मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, बशीत वाढवलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. हे तुम्हाला सांगायला फार तर दोन मिनिटं लागली असती. सांगितलं नाही. मग तुम्ही आपले दोन्ही तळवे उताणे करून बघितलेत, जणू तिथे काही लिहिलेलं असावं.

"मग माझाच हात गेला म्हनायचा."

मी म्हणाले, असं काही नसतं हो. पण ते सगळेच म्हणतात, तसं म्हणाले. तुम्ही सगळ्या कुरडया काळ्या पिशवीत भरल्यात आणि मला हात लावू न देता खाली कचऱ्याच्या डब्यापर्यंत स्वतः नेल्यात. गावी परत जाताना सोऱ्या कट्ट्यावर ठेवलात. "ऱ्हाऊ दे तुलाच. मला आता काय करायचाय."

मला वाटलं, रागाने बोललात. पुढच्या उन्हाळ्यात चुलत जाऊबाईंचा फोन आला तेव्हा कळलं. सगळी गल्ली ज्यांना चिकाच्या पातेल्याशी बोलावून न्यायची, नव्या सुना ज्यांच्याकडून घोटायला शिकायच्या, त्या तुम्ही त्या वर्षी बसला नाहीत. बायका बोलावायला आल्या तर म्हणालात, "दुसरी बघा बायांनो, माझा हात गेला." त्याच्या पुढच्या वर्षीही नाही, नंतर कधीच नाही. आम्हाला पाठवायच्या कुरडया तुम्ही बाजारातून विकत आणायला लागलात, आणि पिशवीवरची चिठ्ठी काढून टाकायचात.

माझं नक्की काय चुकलं, हे मी डायरीत बऱ्याच वेळा लिहिलंय आणि दर वेळी वेगळं लिहिलंय. सोऱ्याला हात लावला ही चूक नाही, ह्याबद्दल मला कधी शंका नव्हती. निदान मी तसं लिहीत आले. चूक ते 'नाही हो, आई'. 'होते, आणि त्याने काही होत नाही' हे खरं उत्तर होतं. मला त्याचा दुसरा भाग पटत होता, पण पहिला भाग म्हणायची हिंमत नव्हती. म्हणजे पटत तरी किती होतं? आणि त्या खोट्याने मी स्वतःला वाचवलं, ते तुमच्या हाताच्या बदल्यात. त्यानंतर तुम्ही चार वर्षं होतात. एकदा दिवाळीत, तुमच्या स्वयंपाकघरात, मी सुरुवात केली होती, "आई, त्या कुरडया..." तुम्ही म्हणालात, "जाऊ दे, त्याचं नाव काढू नको." मी ते मोठ्या आनंदाने ऐकलं. इतकी आज्ञाधारक मी दुसऱ्या कुठल्याही बाबतीत नव्हते.

तुम्ही गेल्यावर मी ठरवलं की तुमचा हात परत मिळवायचा. 'हवा दमट होती' एवढ्या बोलण्यावर तुम्ही मानलं नसतंत. तुम्ही म्हणाला असतात, तू बाजूला होतीस म्हणून झालं. मी चांगल्या दिवसांत कुरडया केल्या आणि त्या पांढऱ्या आल्या, तरी हे उत्तर तसंच उभं राहिलं असतं. म्हणून सगळं तेव्हासारखंच करायचं. तुमचीच रीत, तुमचाच सोऱ्या, माझा त्याच दिवसांतला हात. बदलायची ती फक्त हवा. आणि ती हवा इथे जूनमध्ये मिळते. तेव्हा वायव्येकडून शमाल सुटतो, कोरडा, धुळीचा, भट्टीतून यावा तसा. दोरीवरचा टॉवेल चहा उकळेपर्यंत कडक होतो. तुम्ही ऑगस्टऐवजी जूनमध्ये आला असतात तर ह्या पत्राची गरजच पडली नसती.

ठरवणं सोपं होतं. कधी वारा असे तर रजा नसे, कधी रजा असे तर आम्ही भारतात. आणि हल्ली मला पाळी महिन्याच्या महिन्याला येत नाही. गेल्या जूनमध्ये वारा होता, सुट्टी होती, पाळी आलीच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता असंच चालायचं, एक दिवस थांबेल. त्यांना वाटलं मला त्याचं वाईट वाटतंय. मी मनात हिशेब करत होते की आता एखाददुसराच जून माझ्या हातात आहे.

ह्या वर्षी जून लागताच गहू भिजवले. पाळी आली नाही. चीक फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस तग धरतो, मग आंबतो. शेवटी आम्ही तो सकाळी नाश्त्याला खाल्ला, तूप-गूळ घालून. नातीला आठवलं! "ममा, आय नो धिस. आजी मेड धिस." तिने दोन वाट्या खाल्ल्या. पुन्हा गहू भिजवले, पुन्हा चीक काढला, आणि मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी लॅबमध्ये नळ्यांवर नावं चिकटवत असताना पोटात ओळखीची कळ आली. आई, पाळी आली म्हणून मी जन्मात इतकी खूश झाले नव्हते.

समोरच्या फ्लॅटमध्ये चिपळूणकडची एक बाई राहते, तिचा नवरा इथे ड्रायव्हर आहे. ती मला ताई म्हणते. चीक मी आधीच दोन भांड्यांत निम्मा निम्मा करून ठेवला होता. त्यातलं एक भांडं तिला दिलं आणि सगळं सांगितलं, अगदी खोटं बोलले तेही. तुझा अर्धा तू तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्या सोऱ्याने कर, मी त्याला शिवणार नाही, म्हणजे तुलना होईल. ती कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली.

"म्हणजे मी सोवळ्यातली, तुम्ही ओवळ्यातल्या, आणि परीक्षा बिचाऱ्या गव्हाची!"

"करशील का नाही?"

"करते हो. पण आमच्या कोकणात कुरडया कुणी करत नाही, विकत आणतात. माझ्या बिघडल्या तर सासूबाईंचं नाव सांगू नका."

गच्चीला आता कुलूप असतं. नातूर, म्हणजे इथला इमारतीचा राखणदार, केरळचा आहे. किल्ली मागितली तर म्हणाला, "मॅडम, छत मफी. ओनर मना किया है. उधर डिश का वायर है." मी त्याला खाली नेऊन भांड्यातला चीक दाखवला, वाळवायचं कसं ते हातांनी सांगितलं. त्याचा चेहरा एकदम बदलला. "अरे, ये तो हमारा कोंडाट्टम के माफिक! मेरा मम्मी भी छत पे सुखाता है." किल्ली दिली, आणि वर सांगून ठेवलं, "कौवा आएगा तो मैं देखेगा."

शुक्रवारी पहाटे आधण ठेवलं. चीक सोडला, लाटणं फिरवत राहिले. मनगट भरून आलं तेव्हा थांबावंसं वाटलं आणि तुमचा आवाज ऐकू आला, गाठ झाली तर खावी लागेल. थांबले नाही. चीक काचेसारखा झाला. बोट ओलं करून टेकवलं, कोरडं वर आलं. मी एकटीच हसले. गच्चीवर नात माझ्याबरोबर आली. वारा इतका होता की प्लॅस्टिकच्या चार कोपऱ्यांवर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या आणि धुळीसाठी वरून तिची लहानपणची मच्छरदाणी ताणली. मी कुरडया पाडत होते, ती कोपरा धरून उभी होती.

"ममा, युअर सॅम्पल साइज इज टू स्मॉल."

"गप. कोपरा सोडू नको."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "सो आजी थॉट इट वॉज बिकॉज ऑफ यू?"

"नाही. मी खोटं बोलले ना. मग आजीला वाटलं, तिच्या स्वतःच्या हातामुळे."

मच्छरदाणी फडफडत होती ती तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि सगळ्या कुरडया पाडून होईपर्यंत खाली गेली नाही.

गच्चीच्या एका अंगाला माझ्या, दुसऱ्या अंगाला शेजारणीच्या. शुक्रवार-शनिवार मिळून मी नऊ वेळा वर गेले. हा आकडा माझ्याविरुद्ध पुरावा आहे, म्हणून लिहितेय. जंतू, ओल, वारा सगळं मला माहीत आहे, तरी दर खेपेला जिना चढताना माझी नजर आधी लाल रंग शोधत होती. नवव्यांदा नातूर म्हणाला, "मॅडम, वो भागेगा नहीं."

रविवार, तिसरी सकाळ. लॅबची बस यायच्या आधी वर गेले. दार ढकललं तर वाऱ्याने ते परत माझ्यावर लोटलं. मच्छरदाणी उचलली. कुरडया प्लॅस्टिकपासून आपल्या आपण सुटून उभ्या राहिल्या होत्या, हात लावला की खुळखुळत होत्या. मी तुमच्यासारखीच उकिडवी बसले आणि एकेक उलटी करून बघितली. पांढरी. पांढरी. मोगऱ्यासारखी पांढरी. माझ्या संपल्यावर शेजारणीच्या बघितल्या, त्याही तशाच. तिच्या जरा वाकड्या होत्या, पण त्याला ती कोकणातली हे कारण पुरेसं आहे. मग मी उभी राहिले आणि त्या धुळीच्या वाऱ्यात, कामाच्या कपड्यांत, मोठ्याने ओरडले, "आई, तुमचा हात गेला नव्हता!" शेजारच्या गच्चीवर एक माणूस एसी दुरुस्त करत होता. त्याने पाना खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. मी त्याला हात केला. त्यानेही केला.

तुमच्या मुलाला मी सगळं आदल्या रात्रीच सांगितलं होतं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "आईने मलाही विचारलं होतं, ती बाजूला होती का म्हणून. मी म्हटलं, मला काय माहीत, मी ड्युटीवर." नंतर म्हणाला, "ती असती तर आधी तुला झाडलं असतं, मग मला." काल त्याने स्वतः कढई ठेवली. तेल तापलं, पहिली कुरडई सोडली आणि ती फुलून कढईभर झाली. त्याने ती तोंडात घातली आणि माझ्याकडे न बघता तीन-चार वेळा नुसती मान हलवली. तुमच्या मुलाकडून ह्याहून मोठी शाबासकी कुणाला मिळालेली मला माहीत नाही.

मग गावी जाऊबाईंना फोन लावला. घरात सांगून भागणार नव्हतं. तुमचं नाव जिथे गेलं तिथे ते परत पोचायला हवं होतं. त्यांच्याकडे चार बायका बसल्या होत्या, त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. मी सुरुवातीपासून सांगितलं, पाळीचं, खोट्याचं, हवेचं, आणि आता काय केलं त्याचं. संपल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "अगं बया! अकरा वर्षं पोटात ठेवलंस?"

"ठेवलं हो."

"तरी मी म्हणत होते, काकूचा हात कशानं जाईल? सगळ्या गल्लीला शिकवलं त्या बाईनं."

मागून एक तरुण आवाज आला, नवी सून असावी. "म्हंजे आता वाळवणाला बाजूला बसायचं नाही का?"

"तू गप गं," कुणी तरी म्हातारं म्हणालं. आणि मग तोच म्हातारा आवाज, जरा थांबून, "नाही, पण पांढऱ्या निघाल्या म्हणतीय ती."

आई, तुमच्या गल्लीत ह्या वाक्याचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही. पण तुमचा हात गेला नव्हता, हे काल संध्याकाळपर्यंत घराघरांत कळलं होतं. जाऊबाईंनीच पुन्हा फोन करून सांगितलं. मी काल जेवताना कुरडया खाल्ल्या, जेवण झाल्यावर खाल्ल्या, आत्ता चहाबरोबर खातेय. हा आनंद तुमच्यासाठी किती आणि मी निर्दोष सुटले म्हणून किती, ते वेगळं काढून बघायचा प्रयत्न केला. निघत नाही. आज मला त्याची फार खंतही वाटत नाही.

एक राहिलं. हे पत्र डायरीतच राहणार आहे, म्हणून लिहिता येईल. कुरडया दोन डब्यांत भरल्या होत्या, एकात माझ्या, एकात शेजारणीच्या. काल तळायच्या आधी मी सगळ्यांसमोर दोन्ही डबे एका मोठ्या डब्यात ओतले आणि झाकण लावून खालवर हलवले. शेजारीण म्हणाली, "आता कुठल्या कुणाच्या ते कसं कळणार, ताई?" मी म्हणाले, "कळायलाच नको." सगळ्यांना ते फार आवडलं, नातीने टाळ्या वाजवल्या. पण त्याआधी पाच मिनिटं मी तुमच्या फोटोपुढे ठेवायला ताटली घेतली होती, आणि माझा हात आपसूक शेजारणीच्या डब्याकडे गेला होता. तो तिथे जाताना मी बघितला. डबे वेगळे राहिले असते, तर तुम्हाला मी तिच्याच ठेवल्या असत्या.